‘बफरिंग’ म्हणतात त्याला वर्गात, आणि दर रविवारी पोट दुखतं

पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावाला राहतो. माझा मुलगा आठवीत आहे, तेरा वर्षांचा. लहानपणापासून बोलताना अडखळतो, पण घरी आणि गल्लीत त्यावरून कधी कुणी काही बोललं नाही. यंदा शाळा बदलून मोठ्या हायस्कूलला घातलं तर तिथल्या पोरांनी त्याचं नावच ‘बफरिंग’ ठेवलंय, नेट गेलं की व्हिडिओ अडकतो ना तसं. हजेरीला ‘उपस्थित’ म्हणायला लागला की मागून सेकंद मोजतात. मराठीच्या तासाला धडा वाचताना कुणीतरी लपवून आणलेल्या मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि त्याची रील करून इन्स्टाग्रामवर टाकली, वर्गाच्या ग्रुपवर पण फिरली. सर पण हसले म्हणतो. आता दर रविवारी संध्याकाळी पोट दुखतं, सोमवारी सकाळी उलटी. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. डबा तसाच परत येतो. मी मुख्याध्यापकांना भेटले तर म्हणाले, मुलं आहेत, मस्ती चालायचीच, तुम्हीच त्याला जरा खंबीर करा. मिस्टर म्हणतात दोन ठेवून दे एकेकाला. सासूबाई रोज वेखंड चाटवतात. पोरगा म्हणतो आई तू शाळेत जाऊ नकोस, ते अजून त्रास देतील. मागच्या आठवड्यात झोपताना म्हणाला, मी नसतो तर बरं झालं असतं ना गं. मी म्हटलं असलं अभद्र बोलू नये आणि गप्प केलं. त्याला खंबीर कसं करू? शाळा बदलू का?
– एक आई

उत्तर:

ताई, तुमच्या दोन्ही प्रश्नांवर येते, पण आधी ते रात्रीचं वाक्य. मी नसतो तर बरं झालं असतं. हे वाक्य सोडून देऊ नका. असं होऊ शकतं की त्याला मरायचं वगैरे काही नाहीये, फक्त हा त्रास थांबायला हवाय आणि तो कसा थांबेल हे त्याला दिसत नाहीये, बऱ्याच मुलांचं असंच असतं, पण ते आपण अंदाजाने ठरवायचं नसतं, त्यालाच विचारायचं असतं. आज रात्रीच विचारा. लाईट घालवल्यावर शेजारी आडवं पडून विचारा, किंवा गाडीवर मागे बसवून नेताना, कारण समोरासमोर डोळ्यात बघून बोलायचं नसलं की या वयाची पोरं जास्त मोकळी होतात. आणि सरळ शब्दात विचारा, आडून नको. तू त्या दिवशी म्हणालास ते माझ्या डोक्यातून जात नाहीये बाळा, तुला जीव द्यावासा वाटतो का, मरून जावं असं मनात येतं का. हे तोंडातून काढताना तुमचे हातपाय गळतील मला माहितीये. खूप आयांना भीती असते की आपण विचारलं तर नसलेला विचार त्याच्या डोक्यात घालू. तसं होत नाही, यावर जगभर अभ्यास झालेत आणि मानसोपचाराचं काम करणारा प्रत्येक माणूस हेच सांगेल, उलट कुणीतरी विचारलं याचाच मुलांना आधार वाटतो.

तो हो म्हणाला तर रागवायचं नाही, शपथा घालायच्या नाहीत, ‘आमचा विचार केलास का’ हे तर अजिबात म्हणायचं नाही. सांगितलंस ते बरं केलंस, आता हे तुझं एकट्याचं नाही, एवढंच म्हणा आणि जवळ घ्या. मग त्याला एकटं न सोडता दुसऱ्याच दिवशी डॉक्टर. तुमच्या जिल्ह्यात मिरजेला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथे मानसोपचार विभाग आहे, खर्चाचं टेन्शन घेऊ नका. मधल्या वेळात १४४१६ ला फोन लावा, हा सरकारचा टेलिमानस म्हणून फोन आहे, २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, फुकट आहे, आणि तो तुम्ही स्वतःसाठीही करू शकता. अजून एक, घरात शेतीची फवारणीची औषधं, उंदराचं औषध, आजीच्या गोळ्या असं जे काही असेल ते आजच कुलपात टाका, किल्ली तुमच्याकडे. त्याने ‘नाही’ म्हटलं तरी हे कराच. मुलांच्या मनात असे विचार येतात ते लाटेसारखे येतात, तेवढी वेळ हाताशी काही सापडलं नाही तर जीव वाचतो.

आता पोटाबद्दल. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे पोरगं नाटक करतंय असं घरात कुणी म्हणत असेल तर ते आधी थांबवा. पोट खरंच दुखतं त्याचं. भीती सतत राहिली की आतड्यांची हालचाल बिघडते, भूक जाते, मळमळतं, झोप तुटते, आणि हे सगळं आठवड्याची शाळा सुटली की गायब होतं आणि रविवारी संध्याकाळी परत येतं, हे वेळापत्रकच सांगतं दुखणं कुठून येतंय ते. डबा परत येतो तेही बघा. बहुतेक मधल्या सुट्टीत त्याला बसायला जागाच नसणार. एकटं बसून डबा उघडला की लगेच सगळ्यांना दिसतं हा एकटा आहे, मग पोरं डबा न खाता वाचनालयात नाहीतर संडासात सुट्टी काढतात. रागावून ‘डबा का संपवला नाहीस’ विचारण्याऐवजी एवढंच विचारा, सुट्टीत कुठे असतोस रे? त्याच्या उत्तरातून तुम्हाला अर्धं प्रकरण कळेल.

आणि हो, वेखंड. जीभ हलकी व्हावी म्हणून सासूबाई मायेने देतात, त्यांना दुखवू नका, पण बंद करा ते. वेखंड जास्त झालं तर त्यानेच उलटी होते, आयुर्वेदात वांतीसाठी पण वापरतात ते. आधीच सोमवारी उलटी होणाऱ्या पोराला रोज चाटवणं बरोबर नाही. आणि त्याची जीभ जड नाहीच आहे मुळी. अडखळत बोलणं हे मेंदूत बोलण्याची जी जुळणी होते तिच्यातल्या फरकामुळे होतं, पुष्कळदा घराण्यात असतं, विचारून बघा, आजोबा, काका, मामा कुणीतरी निघेल. साधारण शंभरात एक मोठा माणूस असा बोलतो, मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये जास्त. घाबरल्यामुळे हे सुरू होत नाही, पण हसलं गेलं की वाढतं मात्र नक्की, कारण तो पुढचा शब्द येण्याआधीच त्याला घाबरायला लागतो. मग अवघड शब्द टाळतो, दुसराच शब्द घालतो, उत्तर येत असून हात वर करत नाही, आणि सरांना वाटतं याला काही येत नाही. स्वतःचं नाव आणि ‘उपस्थित’ सगळ्यात वाईट कारण तिथे दुसरा शब्द घालायची सोयच नसते. घरी पण ‘हळू बोल, श्वास घे, परत म्हण’ असं कुणी म्हणत असेल तर ते थांबवा, त्याचं वाक्य त्यालाच पूर्ण करू द्या, कितीही वेळ लागू दे.

आता तुमचा पहिला प्रश्न, खंबीर कसं करू. ताई, मला मुख्याध्यापकांच्या त्या वाक्याचा खरंच राग आला. वर्गात चाळीस-पन्नास मुलं, एक शिक्षक, एक अख्खी शाळा, आणि हे सगळं सावरायचं काम कुणाला दिलं तर त्या तेरा वर्षांच्या पोराला, ज्याला त्रास होतोय त्यालाच. त्याच्यात काही कमी आहे म्हणून हे चाललेलं नाहीये. अडखळणं हे नुसतं निमित्त आहे, ते नसतं तर चष्मा असता, रंग असता, जात असती, वजन असतं, बापाचा धंदा असता, मुलीसारखं चालतो असं काहीतरी असतं. नवीन आलेला आणि मित्र नसलेला मुलगा पोरांना सापडतो आणि मग कारण शोधलं जातं. तुमचा मुलगा जुन्या शाळेत पण असाच बोलत होता ना? तिथे हे नव्हतं कारण तिथे त्याची माणसं होती.

मस्ती आणि हे यात फरक आहे आणि तो शाळेला सांगता आला पाहिजे म्हणून लिहिते. मस्तीत आज तू मला चिडव उद्या मी तुला, आणि एकाच्या डोळ्यात पाणी आलं की थांबतात. इथे रोज तोच एक, समोर सहा-सात जण असणार, तो उलटून काही करू शकत नाही, आणि रडला तर उलट चेव येतो. नॉर्वेमध्ये डान ओल्वेयस म्हणून मानसशास्त्राचे संशोधक होते, त्यांनी १९७० च्या दशकापासून यावर काम केलं, त्यांनीही हेच तीन निकष लावले, मुद्दाम करणं, परत परत करणं आणि ताकद एकाच बाजूला असणं. १९८२ च्या शेवटी नॉर्वेच्या उत्तर भागात काही मुलांनी आत्महत्या केल्या आणि शाळेतला छळ त्याचं मोठं कारण असावं असं समोर आलं, तेव्हा तो देश हादरला आणि १९८३ मध्ये सरकारने देशभर मोहीम काढली. ओल्वेयसनी बर्गन शहरातल्या शाळांमध्ये जे केलं त्यात मुलांना खंबीर करायचे क्लास नव्हते. सुट्टीत मोठी माणसं पटांगणात फिरायची, वर्गात नियम ठरवून लिहिले होते, नियम मोडला की काय होणार हे आधीच सांगितलेलं होतं, पालकांशी बोलणं व्हायचं. दोन वर्षांत तिथल्या छळाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. म्हणजे मोठ्यांनी मनावर घेतलं तर थांबतं हे. युनेस्कोने २०१९ मध्ये जगभरातली आकडेवारी एकत्र केली होती, जवळपास तीनपैकी एका मुलाला मागच्या महिनाभरात शाळेत असा त्रास झालेला होता, तेव्हा आपल्याच पोराला हे का, असा प्रश्न घेऊन तुम्ही रात्री जागू नका.

‘मोठा झाला की विसरेल’ असं कुणी म्हणालं तर मी त्यांना ब्रिटनमधल्या अभ्यासाचं सांगते. तिथे १९५८ साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा आयुष्यभर पाठपुरावा चालू आहे. त्यातल्या ७,७७१ मुलांच्या आईवडलांना मुलं सात आणि अकरा वर्षांची असताना विचारलं होतं की तुमच्या मुलाला बाकीची मुलं त्रास देतात का. पुढे लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या लोकांनी २०१४ मध्ये याचा निष्कर्ष छापला, ज्यांना वारंवार त्रास झाला होता त्यांच्यात पंचेचाळीस-पन्नाशीला पोचल्यावरसुद्धा नैराश्य, चिंता, आत्महत्येचे विचार जास्त होते, जवळची माणसं कमी होती. पन्नाशीत, ताई. म्हणजे चाळीस वर्षांनी. मी हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाहीये, त्या अभ्यासातली पुष्कळ माणसं चांगली जगली, हे काही नशिबात लिहिल्यासारखं नाही. पण ‘पोरांची मस्ती’ म्हणून जे झटकून टाकतात त्यांच्यासमोर हा अभ्यास ठेवायला पाहिजे. मी शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते, तिथे पालकसभेनंतर थांबून बोलणारे कितीतरी बाप असतात जे स्वतःच्या शाळेतलं ठेवलेलं नाव अजून सांगतात, आणि ते सांगताना त्यांचा आवाज बदलतो.

त्यावरून मिस्टरांचं. त्यांना पोराची काळजी आहे म्हणूनच ते तसं म्हणतात, आणि आपल्याकडे मुलग्यांना दुसरं काही शिकवलंच जात नाही, त्यांनाही तेच शिकवलं असणार. पण बघा, समोर सहा जण असतील. हा एकाला मारेल, सहा जण याला मारतील, आणि ऑफिसमध्ये नेमका हाच उभा केला जाईल कारण रील दिसत नाही, ठोसा दिसतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये १,४२० मुलांचा असाच लांबलचक अभ्यास झाला, २०१३ मध्ये छापून आला, त्यात सगळ्यात वाईट अवस्था कुणाची निघाली तर जी मुलं छळली पण गेली आणि मग स्वतः पण दुसऱ्यांना छळायला लागली त्यांची, नैराश्य, पॅनिकचा त्रास, मुलग्यांमध्ये आत्महत्येचे विचार, सगळं त्यांच्यात जास्त. कुणी धरलं, मारायला लागलं तर ढकलून सुटायचं आणि मोठ्या माणसाकडे पळायचं हे ठीक आहे, ते स्वतःला वाचवणं झालं. पण ठरवून मारून ये म्हणून पाठवू नका. आणि त्यातला एक धोका बापाला कळत नाही, पोरगं मारून आलं नाही तर त्याला वाटतं मी बाबांच्या पण नजरेतून उतरलो, मग तो घरात सांगायचंच बंद करतो. मिस्टरांना एक काम सांगा. पोराला बाहेर घेऊन जाऊ देत, शेतावर, नाक्यावर, कुठेही, आणि एवढंच म्हणू देत की तुझी काही चूक नाही, मी तुझ्या बाजूने आहे. हे बापाच्या तोंडून ऐकायची मुलांना भूक असते. आणि शाळेत तुम्ही दोघं मिळून जा. आई एकटी गेली की ‘काळजी करतात बायका’ म्हणून वाटेला लावतात, हे चूक आहे, पण आत्ता आपल्याला पोराचं काम करून घ्यायचंय.

तो म्हणतो शाळेत जाऊ नकोस. त्याची भीती खरी आहे, अर्धवट तक्रार झाली की त्रास वाढतो हे त्याने बघितलेलं असतं. मुख्याध्यापक वर्गात येऊन ‘कोण चिडवतं रे याला’ असं सगळ्यांसमोर विचारून जातात आणि मग सुट्टीत वसुली होते. म्हणून चोरून जाऊ नका, त्याला सांगूनच जा. मी जाणार आहे, हे ठरलंय कारण तू माझा मुलगा आहेस, पण काय सांगायचं, कुणाची नावं द्यायची, कुठल्या सरांशी किंवा मॅडमशी आधी बोलायचं हे आपण दोघं मिळून ठरवू. एवढा ताबा त्याच्या हातात राहू दे, सध्या बाकी कशावरच त्याचा ताबा नाहीये.

जाताना तोंडी नको, अर्ज लिहून न्या. तारखा घाला, जेवढ्या आठवतात तेवढ्या. कुठल्या तासाला काय झालं, कोण होतं, रीलचे स्क्रीनशॉट, डॉक्टरांचे कागद, आणि त्याच्या त्या रात्रीच्या वाक्याबद्दल पण लिहा, ते वाक्य वाचून कुठलाही जबाबदार माणूस सरळ बसतो. दोन प्रती काढा, एकीवर आवक क्रमांक, सही, शिक्का घेऊन ती घरी ठेवा. अर्जात लिहा की महाराष्ट्रात १९९९ चा रॅगिंग प्रतिबंध कायदा आहे, त्यात विद्यार्थ्याला मानसिक इजा होईल, लाज वाटेल असं चिडवणं पण येतं, फक्त कॉलेजच्या होस्टेलपुरता तो नाही, आणि लेखी तक्रार आली की संस्थेच्या प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. सर हसले त्याचं वेगळं लिहा. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७, मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. मला नाही वाटत त्या सरांनी दुष्टपणाने केलं असेल, सगळे हसले म्हणून ते हसले असतील, पण शिक्षक हसला ना की वर्गाला परवानगी मिळते, त्या दिवसानंतर पोरांच्या मनात जो थोडाफार संकोच होता तो पण संपतो. त्यांनी वर्गासमोर एवढं म्हटलं की त्या दिवशी मी हसलो ते चुकलं, तर अर्धं काम तिथेच होईल.

शाळेत तक्रार पेटी असायला हवी, मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती पण असायला हवी, २०२२ च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत ती करायची आहे आणि २०२४ मध्ये बदलापूरचं प्रकरण झाल्यावर तर सरकारने परत सगळ्यांना त्याबद्दल बजावलंय. विचारा, समितीत कोण कोण आहे. शाळेने काहीच केलं नाही तर गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे माध्यमिकचे शिक्षणाधिकारी. १०९८ हा मुलांचा हेल्पलाईन नंबर आहे, तिथेही सांगता येतं.

शाळेकडून नेमकं काय मागायचं ते ठरवून जा, नाहीतर ‘बघतो, समज देतो’ वर बैठक संपते. हजेरीला हात वर केला तरी चालेल असं सगळ्या वर्गासाठी करा म्हणा, एकट्या त्याच्यासाठी नको. वाचन दोघादोघांनी मिळून करायला लावा. हे मी मुद्दाम सांगतेय कारण अडखळणारी बहुतेक मुलं दुसऱ्याच्या आवाजात आवाज मिसळून वाचताना जवळपास न अडखळता वाचतात, एकदा वर्गाने त्याला तसं वाचताना ऐकलं की पोरांचं बघणं बदलतं. तोंडी परीक्षेला जास्त वेळ द्या म्हणा. मधल्या सुट्टीत, सायकल स्टँडवर, जिन्यात, जिथे जिथे होतं तिथे मोठं माणूस असलं पाहिजे. आणि एक गोष्ट मान्य करू नका, दोघांना समोरासमोर उभं करून ‘चला हात मिळवा, सॉरी म्हणा’. भांडण झालेल्या दोघांसाठी ते ठीक आहे. इथे भांडण झालेलंच नाही, आणि ज्याला छळलं त्याला छळणाऱ्यासमोर उभं करून ‘आता ठीक आहे ना रे’ विचारलं तर तो हो म्हणणार, बाहेर गेल्यावर काय होणार ते त्याला माहीत असतं. त्या मुलांशी एकेकट्याने बोलायला सांगा, त्यांच्या पालकांना वेगवेगळं बोलवायला सांगा. ग्रुपमध्ये जो शूर असतो तो एकटा ऑफिसमध्ये बसला की तेरा वर्षांचंच पोर असतं.

रीलचं. आधी स्क्रीनशॉट, अकाऊंटचं नाव, लिंक, तारीख, मग इन्स्टाग्रामला रिपोर्ट करा, त्यात छळ हा पर्याय असतो. खाली कमेंटमध्ये भांडायला जाऊ नका, त्याने रील अजून पसरते. टाकणाऱ्याच्या पालकांना शाळेत बोलवून काढायला लावणं हा सगळ्यात लवकरचा रस्ता. नाहीच काढली तर सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार. आणि कृपा करून त्याचा मोबाईल काढून घेऊ नका, बरीच मुलं घरी सांगतच नाहीत कारण सांगितलं की पहिला मोबाईल जातो, म्हणजे छळ त्याचा झाला आणि शिक्षा पण त्यालाच. त्या मुलांची नावं फोटो गावच्या ग्रुपवर टाकून बदला घ्यायचा मोह होईल, नको, तीही लेकरंच आहेत, त्यांना थांबवायचंय, संपवायचं नाहीये.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. हसणारी बाकीची पोरं. सहा-सात जण पुढे असतील, उरलेला वर्ग काय करत असतो? फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठातल्या क्रिस्टिना साल्मिवाली यांनी हेच बघितलं, की छळ दोघांत होत नाही, सगळा वर्ग त्यात असतो, काही मदत करतात, काही हसून वारा घालतात, पुष्कळ जण मान खाली घालून बसतात, आणि थोडे पाठीशी उभे राहतात. त्यांच्या कामातून निघालेला छळ थांबवायचा कार्यक्रम २००९ पासून फिनलंडच्या शाळांत देशभर गेला. टोरांटोच्या शाळांत कॅमेरे आणि माईक लावून एक अभ्यास झाला होता, त्यात दर पाचपैकी एखाद्याच वेळी कुणी मूल मध्ये पडलं, पण पडलं तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा दहा सेकंदांच्या आत प्रकार थांबला. दहा सेकंद! ‘ए बस कर ना’ एवढंच कुणीतरी म्हणायचं असतं. जी पोरं मान खाली घालतात त्यांना बहुतेक वेळा ते आवडत नसतं, फक्त पुढचा नंबर आपला लागेल ही भीती असते.

म्हणून मुलाला एक विचारा, त्यांच्यात न हसणारं कोण आहे? एक तरी असतंच. शेवटच्या बाकावरचा, एसटीने येणारा, दुसऱ्या तुकडीतला, कुणीही. त्याला रविवारी घरी बोलवा. पोहे करा, क्रिकेट खेळू देत, गेम खेळू देत, शाळेचा विषय काढू नका. दोघं मिळून शाळेत जाऊ-येऊ लागले, सुट्टीत एकत्र डबा खाऊ लागले तर त्याच्यावर हात टाकणं अवघड होतं. जुन्या शाळेतले मित्र तुटू देऊ नका. शाळेबाहेरचं पण एखादं ठिकाण हवं जिथे त्याला ‘बफरिंग’ हे नाव कुणाला माहीतच नाही, तालीम, ढोलताशा, चित्रकला, कबड्डी, जे त्याला आवडतं ते. गाताना बहुतेक मुलं अडखळत नाहीत, भजनी मंडळ असेल गावात तर तेही.

स्पीच थेरपिस्टकडे नक्की न्या, पण ‘पोरं हसायची थांबतील म्हणून’ असं सांगून नेऊ नका, नाहीतर त्याला वाटेल दोष माझाच होता. तुला बोलायला सोपं जावं म्हणून, एवढंच. मुंबईला वांद्र्याला अली यावर जंग ही राष्ट्रीय संस्था आहे वाचा-श्रवणासाठी, आणि अडखळणाऱ्या लोकांचा स्वतःचा ‘द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन’ म्हणून आधारगट आहे, तिथली मोठी माणसं आपापल्या शाळेचं बोलतात. आपल्यासारखं बोलणारा, नोकरी करणारा, लग्न झालेला, हसणारा माणूस त्याने एकदा भेटून बघायला हवा. हृतिक रोशन लहानपणी अडखळायचा, ते त्याने स्वतः जाहीरपणे सांगितलंय, हे पण सांगा त्याला, या वयात याचा उपयोग होतो.

शाळा बदलू का. बदलायला लागली तर बदला, ती हार नाही, आणि त्याचा जीव धोक्यात आहे असं वाटलं तर सत्राचा, फीचा विचार न करता उद्याच थांबवा त्याला घरी. पण आधी शाळेला अर्ज द्या आणि महिनाभर बघा, कारण काहीच न करता काढलं तर तो हे घेऊन जाईल की मला जावं लागलं आणि ते राहिले, आणि नवीन वर्गात पहिल्या हजेरीला तीच भीती घेऊन उभा राहील. या महिन्यात दर आठवड्याला वर्गशिक्षकांना भेटा, लिहून ठेवा काय बदललं. डबा संपतोय का, रविवारी संध्याकाळ कशी जाते, हे तुम्हाला शाळेच्या कुठल्याही अहवालापेक्षा लवकर सांगेल. काही हललं नाही तर त्याला विचारून शाळा बदला, आणि नवीन शाळेत पहिल्याच दिवशी त्याच्याबरोबर वर्गशिक्षकांना भेटून त्याच्या बोलण्याबद्दल मोकळेपणाने सांगा, लपवू नका, शक्य असेल तर ओळखीचा एखादा मुलगा असेल अशीच शाळा बघा.

आज रात्री मात्र आधी तो प्रश्न. तुम्ही त्याला त्या दिवशी गप्प केलंत म्हणून स्वतःला दोष देत बसू नका, घाबरलात तुम्ही, कुणीही घाबरलं असतं. त्याने दार एकदा उघडलंय, परत उघडेल. तो काय म्हणाला ते मला लिहा, आणि शाळेच्या अर्जाचा मसुदा पाठवलात तर मी बघून देईन.